अझँकूरला वापसा झाला होता का?

"पाऊस झाला. तिन्ही ठिकाणी झाला. निघा," एवढे सांगून कुसुम इंगळे यांनी फोन ठेवला. ऑक्टोबर महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याहून निघालो, जालन्याला गाडी बदलली आणि संध्याकाळच्या आत देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर उतरलो.

या प्रवासाचे कारण आधी सांगतो. इंगळेबाईंनी वरवट बकालच्या परिसरातल्या एका हायस्कुलात आयुष्यभर इतिहास शिकवला आणि गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. वीस वर्षे खपून त्यांनी इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातल्या शंभर वर्षांच्या युद्धावर मराठीत पुस्तक लिहिले. १३३७ ते १४५३ असे ते युद्ध थांबत थांबत चालले. पुण्यातल्या एका प्रकाशकाने हस्तलिखित घेतले, पण त्याच्या परीक्षकांनी त्यातले एक प्रकरण गाळायला सांगितले. मी वृत्तपत्राच्या टेबलावर इतरांच्या बातम्या तपासण्यात नोकरी घालवली आहे, आता प्रकाशकांसाठी तेच करतो. प्रकरण ठेवायचे की काढायचे, ते मी जाऊन ठरवावे असे सांगण्यात आले.

प्रकरण १४१५ सालच्या लढाईचे आहे. उत्तर फ्रान्समधल्या अझँकूर गावाजवळ, दोन जंगलांच्या मध्ये, नुकतेच नांगरून पेरलेले शेत होते. रात्रभर पाऊस झाला. सकाळी अंगभर लोखंड ल्यालेले फ्रेंच सरदार त्या शेतातून पायी चालत गेले. पलीकडे इंग्रजांचे तिरंदाज साध्या कपड्यांत उभे होते. फ्रेंच संख्येने जास्त होते, तरी ते हरले. माणसे गुडघ्यापर्यंत रुतली, असे त्या काळच्या बखरकारांनीच लिहून ठेवले आहे. इथपर्यंत परीक्षकांची तक्रार नव्हती.

इंगळेबाईंनी पुढे एक शब्द आणला होता: वापसा. पाऊस पडून गेल्यावर पाणी मुरते आणि जमीन फार ओलीही नाही, फार कोरडीही नाही अशा स्थितीला येते. त्याला वापसा म्हणतात. वापसा होईपर्यंत शेतात औत घालत नाहीत, पायही घालत नाहीत. बाईंनी लिहिले होते, 'वापसा नसलेल्या शेतात शिरलेले सैन्य कोणाचेही असो, हरते. हे मी माझ्या शेतात पाहिले आहे.' परीक्षकांनी दुसरे वाक्य लाल शाईने अधोरेखित करून समासात लिहिले होते, 'लेखिकेचे शेत हा पुरावा नव्हे.'

बाईंनी प्रकाशकाला पाठवलेले उत्तर मी वाचले आहे. प्रकरण काढायचे असेल तर हस्तलिखित परत पाठवा, हे पहिले वाक्य. दुसऱ्यात प्रस्ताव होता: पंचवीस किलो लोखंड, एकच माणूस, तीनशे पावले, तीन गावांतल्या तीन जमिनी. बघायला कोणाला तरी पाठवा.

देऊळगाव राजा

बसस्थानकावर त्या माझी वाट पाहत उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही. शेजारी पंचेचाळिशीतला एक धिप्पाड माणूस पोत्यावर बसून चणे खात होता. हे महादेव ढगे. बाईंच्या बांधाला त्यांचा बांध, आणि बाईंचे शेतही तेच वाहतात.

"हेच का पेपरवाले साहेब?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मले वाटलं तुमी चालता. मी म्हटलं, चला, मी सुटलो."

"चालणार तुम्हीच," बाई म्हणाल्या. "तिन्हीकडे एकच माणूस पाहिजे, नाही तर साहेबच उद्या लिहितील की माणूस बदलला."

ते मी लिहिलेच असते.

पोत्यात ताडपत्रीचे जाकीट होते. गावातल्या शिंप्याने त्याला बारीक बारीक खिसे शिवले होते आणि वेल्डिंगवाल्याने नांगराच्या जुन्या पोलादाच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या. मांड्यांना आणि पोटऱ्यांना बांधायचे पट्टे वेगळे. सगळे मिळून पंचवीस किलो, हे मी दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिले. वरवटहून येताना बसच्या कंडक्टरने पोत्यात काय आहे म्हणून विचारले, तेव्हा ढगे "लढाई" म्हणाले होते. कंडक्टरने पोते उघडायला लावले आणि जाकीट पाहून पुढे काही विचारले नाही.

बालाजीची यात्रा चालू असल्याने एकाही लॉजमध्ये खोली नव्हती. आम्ही वंदना या बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीच्या सासरी उतरलो. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी. पुण्यात पाहुण्याला वाढून झाले की यजमान आग्रह करतो. इथे वंदनाच्या सासूबाई ताटासमोर बसून राहिल्या आणि मी हात थांबवला की माझ्याकडे नुसत्या बघायच्या. तीन भाकऱ्या झाल्या.

जेवताना मी बाईंना विचारले, हेच युद्ध का? त्यांनी सरळ सांगितले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर 'शंभर वर्षांचे युद्ध' असे लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, शंभर वर्षं लढले, तं पेरणी कोण करत होतं?"

"मला उत्तर आलं नाही. म्हणून वाचायला लागले," त्या म्हणाल्या.

सकाळी शेतावर गेलो. जमीन हलकी, तांबूस, वीतभर मातीखाली मुरूम. दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला. वंदनाच्या सासऱ्यांनी एक ढेकूळ हातात दाबून पाहिले आणि वापसा उद्या होईल असे सांगितले. म्हणजे आज झालेला नव्हता. बाईंनी ते वेळेसह वहीत टिपले. ढग्यांनी जाकीट चढवले, पट्टे आवळले आणि चालायला लागले. मी बांधावरून मोजत होतो. मातीत पाऊल दोन बोटे रुतत होते. तीनशे पावले त्यांनी सहा मिनिटांत घातली आणि पलीकडच्या बांधावरून हात वर करून ओरडले, "मॅडम! इथं फ्रेंच जिंकले!"

वंदना हसली. तिचे सासरेही हसले. इंगळेबाई वहीत लिहीत होत्या. मी जवळ जाऊन पाहिले: 'वापसा नाही. तीनशे पूर्ण. दम लागला नाही. माझे वाक्य इथे खोटे.' अक्षर आदल्या ओळीइतकेच सरळ होते.

"वाईट वाटलं का?" मी विचारले. हा प्रश्न मी सहसा कोणाला विचारत नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "मी शेत म्हटलं की मला काळीच दिसते. सगळं जग काळ्या मातीचं आहे असं धरून बसले होते." मग ढग्यांना हाक मारली, "चला, लोणारची बस आहे."

लोणार

सिंदखेड राजावरून बस गेली. सोयाबीन निघालेली राने, मध्ये तुरीच्या ओळी. ढगे खिडकीशी बसून जमिनीची प्रत सांगत होते: ही हलकी, ही मध्यम, ही बरी. रस्त्याकडेची देवळे आणि बारवा मी बघत होतो, त्यांचे लक्ष त्याकडे अजिबात नव्हते.

लोणारला वेळ होता म्हणून मी सरोवराच्या काठावर जाऊन आलो. आकाशातून पडलेल्या दगडाने खणलेला गोल खड्डा, तळाशी हिरवट खारे पाणी, उतारावर दाट झाडी. काठावर कणीस भाजणाऱ्या बाईला मी रोज हे बघून काय वाटते असे विचारले. "पाय दुखतात," ती म्हणाली. खाली उतरून वर यायला मला पाऊण तास लागला. तिचे म्हणणे मला पटले.

शेत गावाबाहेर, सखाराम सानप यांचे. वय सत्तरच्या पुढे. त्यांची मुलगी बाईंच्या शाळेत शिक्षिका आहे, तिने फोन करून ठेवला होता. सानपांनी अंगणात बाज टाकली, चहा दिला, शेव दिली, लढाई कधी झाली, कोण कोण लढले, हे विचारले. बाईंनी थोडक्यात सांगितले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग ढग्यांनी पोते उघडले.

"हे कायला?" सानपांनी विचारले.

"शेतात चालायला," बाई म्हणाल्या. "तीनशे पावलं."

"पोरीनं सांगितलं मॅडम यायल्यात, म्हणून च्या ठिवला. शेत बघा, बांधावर बसा, आजचा दिवस ऱ्हा. पण आत पाय नाही."

"काका, एकच पट्टा," ढगे म्हणाले.

"तुम्ही शेतकरी हायेत ना? मग इचारता कसं? वापसा न्हाई. चालले की जमीन दबती. वाळली की दगड. हरभरा टाकायचाय मला तिथं पंधरा दिसांनी."

ढग्यांनी पोते बंद केले. पुण्याहून आलेला माणूस आहे, वीस वर्षांचे काम आहे, असे काहीतरी मी बोलायला लागलो होतो. इंगळेबाईंनी मला हातानेच थांबवले.

"बरोबर आहे तुमचं," त्या सानपांना म्हणाल्या. "मीसुद्धा पाय घालू दिला नसता."

सानपांनी चहाचा दुसरा कप पुढे केला आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "मॅडम, पर ते रान कोणाचं व्हतं?"

"कोणतं?"

"लढाईचं. पेरलेलं व्हतं म्हणल्या ना तुम्ही."

"गहू पेरलेला होता."

"मंग त्या गव्हाचं काय झालं?"

बाईंनी कप खाली ठेवला. राजाचे नाव, सरदारांची नावे, कोण कोणत्या बाजूने उभा होता, बाण किती अंतर जात होता, हे त्या न बघता सांगतात. मी परीक्षा घेतली होती, एकही चूक निघाली नव्हती. या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

"पुस्तकात न्हाई?"

"मी पाहिलेल्या पुस्तकांत नाही." आणि पुढे, "मी शोधलंच नाही."

बसस्थानकावर मेहकरची बस लागली, आम्ही बसलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या पोरीनं हेच विचारलं होतं. पेरणी कोण करत होतं. मी तिथून निघाले आणि राजेलोकांत अडकून पडले."

मी त्यांना स्पष्ट सांगितले की तीनपैकी एक चाचणी त्यांच्या विरुद्ध गेली आहे, एक झालीच नाही. तिसरी त्यांच्या स्वतःच्या शेतात आहे, ज्याला परीक्षकांचा आधीच आक्षेप आहे. असा अहवाल गेला तर प्रकरण राहणार नाही, आणि प्रकरण राहिले नाही तर त्या पुस्तक परत घेणार. एवढे ऐकून त्यांनी वही काढली. लोणारच्या पानावर लिहिले, 'मालकाने पाय घालू दिला नाही. कारण योग्य.' मग म्हणाल्या, "तिसरी तरी पुरी करू. तुम्हाला जे दिसेल ते लिहा. दिसल्यावर लिहा."

वरवट बकाल

मुक्काम मेहकरला केला. सकाळी निघून खामगावच्या बाजूला घाट उतरला आणि मुलूख बदलला. वरचे दगड, टेकड्या संपल्या. पूर्णेच्या खोऱ्याची जमीन सपाट आणि काळी आहे, पाणी बहुतेक ठिकाणी खारे. शेगावला बस बदलून आम्ही दुपारच्या जेवणाला वरवटमध्ये होतो.

बाईंच्या घरी हातपंपाचे पाणी मी नकळत तोंडात घेतले आणि थुंकले. ढगे खूश झाले. "आमच्याकडं पाव्हण्याले आधी हेच पाजतात," ते म्हणाले. प्यायचे पाणी वेगळ्या माठात होते. जेवण कळण्याच्या भाकरीचे, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, बरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याचे भरीत. भाकरी काळसर, जाड आणि खमंग. पुण्यात ही कुठे मिळत असेल तर मला ठाऊक नाही.

शेत गावापासून दहा मिनिटांवर. तिथे बांधावर आधीच पंधरा-वीस माणसे जमली होती. मॅडमची लढाई आज आहे हे गावभर झाले होते. नांगरलेली, वखरलेली काळी जमीन उन्हात चकाकत होती. पाऊस थांबून तिसरा दिवस, तरी पाणी मुरलेले नव्हते.

ढगे जाकीट घालायच्या आधी बाईंकडे वळले. मला वाटले ते चेष्टा करतील, पण त्यांचा आवाज उतरलेला होता. "मॅडम, सानपकाका म्हणले ते खरं हाये. हा पट्टा यंदा गेला समजा. काऊन करता? या साहेबाईले मी तोंडानंच सांगतो न, कसा फसतो माणूस."

"साहेबांना तोंडचं नको आहे."

"अन् हरभरा?"

"दुसऱ्याचा बिघडवायला निघालेच होते की काल. आता माझा बिघडू दे. चला महादेवराव."

"हाव," ढगे म्हणाले आणि पट्टे आवळले.

मी वेळ लावली. पहिली पन्नास पावले नीट गेली. प्रत्येक पावलाला माती तळाशी चिकटत होती आणि पुढच्या पावलाला आणखी. शंभरच्या आसपास त्यांच्या बुटांचा आकार दिसेनासा झाला. पायांना दोन मोठी ढेकळे बांधल्यासारखी दिसत होती. बांधावरून सूचना चालू होत्या.

"ढगेभाऊ, इंग्रज येऊन राह्यले!"

"येऊ द्या! तुमीच या न बे इकडं!"

दीडशेनंतर ते ओरडायचे थांबले. आता पोटरीपर्यंत रुतत होते आणि पाय काढायला हाताने मांडी उचलत होते. दोनशेच्या पुढे मी प्रत्येक पाऊल मोठ्याने मोजत होतो आणि बांधावर कोणी हसत नव्हते. दोनशे अकराव्या पावलाला त्यांनी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला, पाय आला नाही, आणि ते पुढे हातांवर पडले. उठायला गेले, हात कोपरापर्यंत आत गेले. सतरा मिनिटे झाली होती.

"महादेवराव!" बाईंनी हाक मारली.

नुसती मान हलली.

बाईंनी चपला काढल्या, निऱ्या खोचल्या आणि आत शिरल्या. मीही गेलो, बुटांसकट. त्या माझ्या आधी पोहोचल्या. अनवाणी, हलक्या, घोट्याच्या वर फारशा न रुतता. त्यांना चालताना बघून मला त्या प्रकरणातली एक गोष्ट समजली, जी तीनदा वाचून समजली नव्हती: तिरंदाजांनी त्या दिवशी अंगावर जे घातले नव्हते, ते त्यांचे शस्त्र होते.

आम्ही दोघांनी ढग्यांना उलटे केले. तोंड काळे, श्वास धपापत होता. डोळे उघडून ते म्हणाले, "मॅडम, इंग्रज आले तं मारून टाका म्हणा. पण आधी हे जाकीट काढा."

पट्टे सोडायला बांधावरून आलेले दोघे धरून चौघे लागले. जाकीट बांधावर आणायला दोघे. माझा उजवा बूट त्या शेतात राहिला, अजूनही तिथेच असेल.

बाई हातपाय न धुता बांधावर बसल्या आणि लिहायला लागल्या. मी मागे उभा राहून वाचले. 'वापसा नाही. दोनशे अकरा. सतरा मिनिटे. पडल्यावर स्वतः उठता आले नाही.' त्याखाली रेघ ओढून त्यांनी लिहिले, 'अझँकूरची माती देऊळगावसारखी होती की वरवटसारखी, ते मला माहीत नाही. बखरकार गुडघाभर रुतले म्हणतात, म्हणून वरवटसारखी असावी. याहून जास्त म्हणता येत नाही.' मग हस्तलिखिताचे ते पान मागून घेतले आणि 'कोणाचेही असो, हरते' असे संपणारे सगळे वाक्य स्वतः खोडून तिथे वरवटची नोंद उतरवली. परीक्षकांनी ज्यावर लाल रेघ मारली होती, ते दुसरे वाक्य त्यांनी तसेच ठेवले.

"हे ठेवलंत?" मी विचारले.

"हे पाहिलेलं आहे. आता तुम्हीपण पाहिलंत."

परतल्यावर

माझा अहवाल दीड पानाचा झाला. तिन्ही ठिकाणच्या नोंदी जशाच्या तशा दिल्या, देऊळगावची पहिली. शेवटी लिहिले की लेखिकेने आपला दावा पुराव्याइतका कमी केला आहे; प्रकरण ठेवावे. परीक्षकांनी मान्य केले. त्यांनी एकच विचारले, दोनशे अकरा हा आकडा नक्की आहे का? मी मोजला आहे, असे कळवले.

नंतर बाईंचे पत्र आले. प्रकरणाच्या शेवटी त्यांनी एक परिच्छेद वाढवला होता. त्यातले पहिले वाक्य असे: 'ज्या शेतात ही लढाई झाली ते शेत कोणाचे होते, आणि पुढच्या हंगामात त्याने तिथे काय पेरले, हे मी अजून शोधते आहे.' अझँकूर गावाच्या पंचायतीला त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. आले नाही तर दुसरे लिहीन, असे कळवतात.

पाकिटात एक फोटो होता, डिसेंबरमधला. शेतभर हरभरा उगवला आहे, वीतभर उंच, दाट. मधून एक उघडी काळी पट्टी जाते. तिच्यात पावलांचे खड्डे वाळून दगड झाले आहेत, एकामागे एक. बांधापासून निघून ती पट्टी शेताच्या मध्यापलीकडे जाते, तिथे एक रुंद खळगा आहे, आणि त्याच्यापुढे पुन्हा हरभरा.